तुमच्या गल्लीची शीव कोण ठरवतं? इंग्लंडमधल्या पॅरिशचा रिव्ह्यू, पहिल्यापासून

इंग्लंडमध्ये नवीन घर घेतलं की पहिल्या एप्रिलपर्यंत कौन्सिल टॅक्सचं बिल येतं. आपण वरची रक्कम बघतो, बँकेत डायरेक्ट डेबिट लावतो आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकतो. मीही तेच केलं होतं. दुसऱ्या वर्षी समोरच्या घरातल्या काकूंशी बोलताना कळलं, की रस्ता एक, घरं सारखी, टॅक्सचा बँडही तोच, पण त्यांचं बिल वेगळं. कारण रस्त्याच्या मधून पॅरिशची, म्हणजे गावपातळीच्या कारभाराची, हद्द जात होती. आमची वस्ती उभी राहण्याआधी तिथे शेत होतं, आणि दोन गावांची शीव त्या शेताच्या कुंपणावरून गेलेली होती. कुंपण गेलं, घरं आली, शीव मात्र नकाशावर तशीच राहिली. मुलांच्या बागेतला झोपाळा तुटला तेव्हा दोन्ही पॅरिशनी 'ते आमच्याकडे नाही' असं सांगितलं.

ही शीव बदलता येते. त्यासाठी कायद्यात ठरलेला मार्ग आहे, आणि त्यात तुमच्या-माझ्यासारख्या नव्याने आलेल्या माणसाचीही सही चालते. तो मार्ग कसा चालायचा ते इथे सांगतो. हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं आहे. वेल्स आणि स्कॉटलंडमधले नियम वेगळे आहेत.

पॅरिश म्हणजे चर्च नव्हे

गोव्याकडच्या वाचकांना पॅरिश म्हटलं की चर्चची पॅरिश आठवेल, आणि मुळात शब्द तिथलाच आहे. पण १८९४ च्या कायद्याने चर्चचा कारभार आणि गावाचा कारभार वेगळा झाला आणि निवडून आलेली पॅरिश कौन्सिलं सुरू झाली. आजची पॅरिश कौन्सिल म्हणजे कारभाराची सगळ्यात खालची पायरी, आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या जागेवरची. इंग्लंडमध्ये अशी सुमारे दहा हजार कौन्सिलं आहेत. काही स्वतःला टाउन कौन्सिल म्हणवतात, काही कम्युनिटी किंवा व्हिलेज कौन्सिल. नाव काहीही असलं तरी कायद्याने दर्जा तोच.

खेळाची मैदानं, बाकं, बसथांब्यांवरचे निवारे, गावाचा हॉल, दफनभूमी, भाज्या लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे तुकडे, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे, अशी कामं ते करतात. तुमच्या शेजारी कोणी बांधकामाची परवानगी मागितली तर त्यावर मत देण्याचा हक्क त्यांना असतो. पैसा मुख्यतः तुमच्याच कौन्सिल टॅक्समधून येतो. पॅरिश आपली रक्कम ठरवते, तिच्या वरची मोठी कौन्सिल (डिस्ट्रिक्ट, युनिटरी किंवा लंडनची बरो) ती वसूल करून देते. या रकमेला प्रीसेप्ट म्हणतात.

आणखी एक वाटा असतो, जो नव्या वस्तीतल्यांनी लक्षात ठेवावा. काही मोठ्या कौन्सिलं बिल्डरकडून कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही, म्हणजे नव्या बांधकामावरचा आकार, घेतात. ज्या पॅरिशमध्ये बांधकाम होतं तिला त्यातले १५ टक्के मिळतात (त्यावर एक कमाल मर्यादा असते), आणि तिथला नेबरहुड प्लॅन (भागात कुठे काय बांधावं याचा स्थानिक आराखडा) मंजूर झालेला असेल तर २५ टक्के. म्हणजे शीव कुठून जाते यावर केवळ बाकं कोण रंगवणार एवढंच ठरत नाही, नव्या घरांमुळे आलेला पैसा कुठल्या गावात खर्च होणार तेही ठरतं.

आधी स्वतःचा पत्ता तपासा

बिल काढा. मोठ्या कौन्सिलची, पोलिसांची, कदाचित काउंटीची आणि अग्निशमन दलाची रक्कम असेल. त्याखाली पॅरिशची वेगळी ओळ आहे का बघा. नसेल तर बहुधा तुमच्या भागात पॅरिशच नाही. मोठ्या शहरांत हे अगदी सर्रास असतं. मग ऑर्डनन्स सर्व्हेच्या इलेक्शन मॅप्स या संकेतस्थळावर पोस्टकोड टाका. पॅरिशच्या हद्दीची रेघ तिथे फुकट दिसते. ती तुमच्या वस्तीतून कशी जाते हे छापून घ्या. पुढे दहा वेळा लागणार आहे.

त्याच दिवशी मतदार यादीत नाव आहे का तेही बघा. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे इथे वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नोंदता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, पर्मनंट रेसिडेन्सी लागत नाही. ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांना अजून माहीत नाही, म्हणून मोठ्याने सांगतो. मे २०२३ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकीत केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि तिथे भारतीय पासपोर्ट चालतो.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली, ती राज्य सरकारच्या अधिसूचनेने. गावकरी मोर्चे काढोत की ठराव करोत, शेवटचा कागद मुंबईहून निघतो. इंग्लंडमध्येही पूर्वी पॅरिशचा असा निर्णय लंडनमधल्या मंत्र्यांकडे जायचा. २००७ च्या एका कायद्याने तो अधिकार स्थानिक पातळीवर आला आणि फेब्रुवारी २००८ पासून तो लागू आहे. कायद्याचं नाव लांबलचक आहे: लोकल गव्हर्न्मेंट अँड पब्लिक इन्व्हॉल्व्हमेंट इन हेल्थ अ‍ॅक्ट. या प्रक्रियेला कम्युनिटी गव्हर्नन्स रिव्ह्यू म्हणतात. कौन्सिलच्या साइटवर हे तीन शब्द शोधा.

रिव्ह्यू करते ती डिस्ट्रिक्ट कौन्सिल, युनिटरी कौन्सिल किंवा लंडनची बरो कौन्सिल. जिथे काउंटी आणि डिस्ट्रिक्ट असे दोन थर आहेत तिथे काउंटीला फक्त कळवायचं असतं. पॅरिश कौन्सिल स्वतःची हद्द स्वतः बदलू शकत नाही. ती विनंती करू शकते, एवढंच.

या रिव्ह्यूत नवी पॅरिश बनू शकते, दोन एकत्र होऊ शकतात, हद्द हलू शकते, एखादी रद्द होऊ शकते. नाव, सभासदांची संख्या, पॅरिशमधले वॉर्ड, निवडणुकीचं वर्ष हेही बदलता येतं. सभासद किमान पाच हवेत.

आकड्यांचा एक नियम आहे. नव्या पॅरिशमध्ये १,००० किंवा जास्त मतदार असतील तर तिथे कौन्सिल असलीच पाहिजे. १५० किंवा कमी असतील तर सहसा नाही, तिथे पॅरिश मीटिंगवर भागतं, म्हणजे सगळ्या मतदारांची सभा. मधल्या संख्येला मोठी कौन्सिल ठरवेल ते.

रिव्ह्यू सुरू कसा करायचा

सरकारी मार्गदर्शनानुसार कौन्सिलने दर दहा ते पंधरा वर्षांनी आपल्या सगळ्या भागाचा रिव्ह्यू घ्यावा. त्यामुळे आधी एक ई-मेल टाका: शेवटचा रिव्ह्यू कधी झाला आणि पुढचा कधी ठरला आहे? हा ई-मेल कौन्सिलच्या इलेक्टोरल सर्व्हिसेसला किंवा डेमोक्रॅटिक सर्व्हिसेसला जातो. तिथली माणसं साधारणपणे नीट उत्तर देतात, त्यांचा हा रोजचा विषय असतो. पुढच्या सहा महिन्यांत रिव्ह्यू येणारच असेल तर सह्या गोळा करण्यात जीव काढू नका, सरळ त्यात म्हणणं मांडा.

दुसरा मार्ग पॅरिश कौन्सिलचा. त्यांच्या मासिक सभेत जा. लोकांना बोलायला थोडा वेळ बहुतेक ठिकाणी दिलेला असतो. तुमचा प्रश्न त्यांना पटला तर ठराव करून मोठ्या कौन्सिलला पाठवतील. ज्या नेबरहुड फोरमचा, म्हणजे असा आराखडा करणाऱ्या रहिवाशांच्या गटाचा, नेबरहुड प्लॅन सार्वमतात मंजूर झाला आहे, तोही सह्यांशिवाय अर्ज करू शकतो.

हे दोन्ही जमलं नाही तर सह्यांची याचिका, म्हणजे पिटिशन. कायद्याच्या अटीत बसणारी याचिका आली की कौन्सिलला रिव्ह्यू घ्यावाच लागतो. आधीचा रिव्ह्यू चालू असेल किंवा तो संपून दोन वर्षं झाली नसतील तर मात्र तसं बंधन नाही. किती सह्या लागतात ते २०१५ मध्ये कमी केलं गेलं. याचिकेत दाखवलेल्या भागात ५०० पेक्षा कमी मतदार असतील तर त्यांच्या ३७.५ टक्के. ५०० ते २,५०० असतील तर किमान १८७ जण. त्याहून जास्त असतील तर ७.५ टक्के. म्हणजे ४०० मतदारांच्या वस्तीत १५०, १,८०० मतदारांच्या भागात १८७ आणि ४,००० च्या भागात ३००.

इथे आमची चूक झाली, ती सविस्तर सांगतो. याचिकेत कोणता भाग ते स्पष्ट दाखवावं लागतं, नकाशा जोडला तर उत्तम, आणि नेमकं काय हवं तेही लिहावं लागतं: 'अमुक रस्त्यांचा भाग ह्या पॅरिशमधून त्या पॅरिशमध्ये घ्यावा' इतकं थेट. आम्ही उत्साहात सगळ्या परिसराभोवती मोठा गोल काढला. गोल मोठा म्हणजे मतदार जास्त, मतदार जास्त म्हणजे सह्याही जास्त. वर ज्यांचा ह्या प्रश्नाशी संबंध नव्हता अशा गल्ल्यांमध्ये जाऊन दारं वाजवावी लागली. शनिवारी सकाळी पावसात कोणी दार उघडलं तरी विचारायचे, 'पण ह्याचं मला काय?' त्यांचं बरोबर होतं.

दुसरी चूक त्याहून मोठी. सही मोजली जाते ती मतदार यादीतल्या माणसाचीच. कौन्सिलने यादीशी ताडून बघितलं तेव्हा आमच्या बऱ्याच सह्या गळल्या. त्यात मराठी, तेलुगू, मल्याळी घरं सगळ्यात जास्त होती. त्यांनी मनापासून सही केली होती, पण यादीत नावच नव्हतं. दुसऱ्या फेरीला आम्ही दारात आधी विचारायला लागलो, 'नाव नोंदवलंय का?' नसेल तर तिथेच फोनवर नोंदणी करून घ्यायचो. नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी असेल तर पाच मिनिटांचं काम. मग नाव यादीत चढल्यावर सहीला परत जायचो. सहीच्या कागदावर पूर्ण नाव आणि पत्ता सुटसुटीत अक्षरात घ्या, म्हणजे ताडणाऱ्याला सोपं जातं. आणि लागतात त्यापेक्षा पाचवा हिस्सा तरी जास्त सह्या गोळा करा.

बारा महिन्यांचं घड्याळ

कौन्सिल टर्म्स ऑफ रेफरन्स नावाचा कागद प्रसिद्ध करते. कुठल्या भागाचा, कशाचा विचार होणार आणि कोणत्या तारखांना काय होणार ते त्यात असतं. तिथून बारा महिन्यांत रिव्ह्यू संपवायचा असतो. याचिकेवरून सुरू झाला असेल तर घड्याळ याचिका मिळाल्या दिवसापासून चालतं. हा कागद नीट वाचा. तुमची गल्ली जर त्या नकाशात नसेल तर पुढे कितीही सुंदर पत्र लिहा, उपयोग नाही. त्या आठवड्यातच फोन करा.

मग लोकांची मतं मागवली जातात. ती कशी मागवायची हे कायदा ठरवून देत नाही. कोणी घरोघर पत्र टाकतं, कोणी फक्त वेबसाइटवर फॉर्म ठेवतं. पहिल्या फेरीनंतर मसुदा निघतो, मग दुसरी फेरी, मग अंतिम शिफारसी. माझं ठाम मत असं, की आपली सगळी ताकद पहिल्या फेरीत लावावी. मसुदा एकदा नकाशावर उतरला की अधिकारी त्याचं समर्थन करायला लागतात, आणि आपण विरोधक ठरतो. पहिल्या फेरीत कागद कोरा असतो.

काय लिहायचं? कौन्सिलला कायद्याने दोन गोष्टी तोलाव्या लागतात. तिथली व्यवस्था त्या भागातल्या लोकांची ओळख आणि हितसंबंध दाखवते का, आणि ती परिणामकारक व सोयीची आहे का. तुमचं प्रत्येक वाक्य या दोहोंपैकी एकाला भिडलं पाहिजे. 'आमचा टॅक्स जास्त आहे' हे एकटं वाक्य फार कमकुवत. 'आमची मुलं ह्या गावच्या शाळेत जातात, डॉक्टर इथला, दुकान इथलं, बस इथून सुटते, त्या गावाला जायचा पायी रस्ताच नाही, मधे हमरस्ता आहे' हे भक्कम. हद्द शक्यतो ओढा, रेल्वे, मोठा रस्ता अशा सहज ओळखू येणाऱ्या खुणांवरून जावी असं सरकारी मार्गदर्शन सांगतं. घराच्या मागच्या अंगणातून गेलेल्या रेघेचा फोटो काढून जोडा, तो पानभर मजकुरापेक्षा बोलका असतो.

नव्या वस्तीतल्यांसाठी आणखी एक धागा आहे. मतदारांची आजची संख्याच नाही, रिव्ह्यू सुरू झाल्यापासून पुढच्या पाच वर्षांत ती किती होईल तेही कौन्सिलला विचारात घ्यावं लागतं. त्यामुळे तुमच्या शेजारी पुढचे दोन टप्पे मंजूर झाले असतील, तर परवानगीचा क्रमांक आणि घरांची संख्या पत्रात लिहा. ही माहिती कौन्सिलच्याच प्लॅनिंगच्या पानावर असते, पण रिव्ह्यू करणाऱ्या टेबलापर्यंत ती पोहोचलेली असेलच असं नाही.

प्रत्येक घराने वेगळं पत्र लिहावं. एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो साधारण एकच म्हणणं म्हणून वाचला जातो. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घरातले आजी-आजोबा मागे राहतात, त्यांचं म्हणणं मराठीत ऐकून तुम्ही साध्या इंग्रजीत उतरवा, सही त्यांची. ते मतदार यादीत नसले तरी चालतं. याचिकेला मतदार लागतो, पण अभिप्राय त्या भागाशी संबंध असलेल्या कोणाचाही घ्यायचा असतो.

आधी कुठे काय झालं

वेस्टमिन्स्टरमधल्या क्वीन्स पार्कच्या रहिवाशांनी २०११ पासून मोहीम चालवली, २०१२ च्या मतचाचणीत सुमारे दोन तृतीयांश लोकांनी होकार दिला आणि मे २०१४ मध्ये तिथल्या कौन्सिलची पहिली निवडणूक झाली. २००७ च्या कायद्याने लंडनला पुन्हा पॅरिश बनवण्याची मुभा दिल्यानंतरची ही लंडनमधली पहिली. बर्मिंगहॅम शहराच्या हद्दीतल्या सटन कोल्डफील्डमध्ये २०१५ च्या मतचाचणीत सुमारे ७० टक्के लोक बाजूने होते, २०१६ मध्ये टाउन कौन्सिल निवडून आली.

स्विंडनची गोष्ट वेगळी. तिथे गोव्याहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, त्यांतल्या अनेकांनी हे जवळून पाहिलं असेल. २०१७ पासून सगळं शहर पॅरिशमध्ये विभागलं गेलं, आणि त्यामागे लोकांच्या मागणीपेक्षा मोठ्या कौन्सिलच्या तिजोरीचा ताण जास्त होता. गवत कापणं, कचरा उचलणं, बागा सांभाळणं ही कामं पॅरिशकडे आली आणि बिलात नवी ओळ आली. म्हणून तुमच्याकडे पॅरिश नसेल आणि कौन्सिल स्वतःहून ती आणायला निघाली असेल, तर एक प्रश्न लेखी विचारा: कोणती कामं, कोणती मालमत्ता आणि किती खर्च पॅरिशकडे येणार? सध्या हा प्रश्न बऱ्याच गावांना पडणार आहे. सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनुसार इंग्लंडमधली डिस्ट्रिक्ट कौन्सिलं काउंटीत मिसळून मोठ्या युनिटरी कौन्सिलं करायचं काम सुरू आहे, आणि ज्या शहरांत पॅरिश नाही तिथे जवळची अशी एखादी कौन्सिल असावी म्हणून रिव्ह्यू निघत आहेत.

उलट दिशाही आहे. स्लावमध्ये २०१९ साली ब्रिटवेल आणि वेक्सम कोर्ट ह्या दोन पॅरिश रद्द झाल्या. रद्द करण्याबाबत मार्गदर्शन कडक आहे. लोकांचा स्पष्ट आणि दीर्घकाळ टिकलेला पाठिंबा हवा, एका रागाच्या वर्षाचा नव्हे. तुम्हाला तुमची पॅरिश निरुपयोगी वाटत असेल तर आधी निवडणूक लढवा, सभासद बदला. रद्द करणं सोपं दिसतं, पण बागेची आणि हॉलची मालकी मग लांबच्या ऑफिसात जाते.

निर्णयानंतर

अंतिम शिफारसींवर कौन्सिल मतदान करते, बहुतेक ठिकाणी पूर्ण सभेत. निर्णयाची कारणं प्रसिद्ध करावी लागतात. मतचाचणीचा कौल त्यांच्यावर बंधनकारक नसतो, पण तो डावलला तर का ते सांगावं लागतं. निर्णयाविरुद्ध अपिलाची वेगळी सोय नाही. न्यायालयात फक्त प्रक्रिया कायदेशीर झाली का एवढंच तपासता येतं, तेही तीन महिन्यांच्या आत आणि खर्चिक. म्हणून तारखा, पत्रं, पोच सुरुवातीपासून जपून ठेवा.

बदल मंजूर झाला की रीऑर्गनायझेशन ऑर्डर निघते, सोबत नकाशा. गेल्या पाच वर्षांत बाउंडरी कमिशनने (स्थानिक निवडणुकीच्या हद्दी ठरवणाऱ्या संस्थेने) त्या भागातली निवडणूकरचना ठरवली असेल तर ती बदलायला कमिशनची संमती लागते. यात काही महिने जाऊ शकतात. साधारणपणे ऑर्डर १ एप्रिलपासून अमलात येते आणि मेमध्ये निवडणूक होते. नव्या पॅरिशच्या पहिल्या वर्षाची प्रीसेप्टची मर्यादा मोठी कौन्सिल ऑर्डरमध्येच ठरवते, कारण तेव्हा सभासद निवडून आलेलेच नसतात. हा आकडा मसुद्याच्या वेळीच मागा.

उभं राहायचं असेल तर नियम मतदानापेक्षा कडक आहे. भारतीय नागरिकाकडे इनडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी, हवी. शिवाय पॅरिशमध्ये मतदार असणं, किंवा गेले बारा महिने पॅरिशमध्ये अथवा तिच्यापासून तीन मैलांच्या आत राहणं, असा एखादा संबंध लागतो. बऱ्याच पॅरिशमध्ये जागांपेक्षा उमेदवार कमी असतात, आणि रिकाम्या जागा उरलेले सभासद स्वतः भरतात. त्यासाठी पॅरिशच्या क्लार्कला, म्हणजे तिथल्या कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्याला, एक पत्र पुरतं.

तोवर वार्षिक पॅरिश मीटिंग चुकवू नका. ती १ मार्च ते १ जून दरम्यान होते, आपल्या ग्रामसभेसारखी, आणि यादीत नाव असलेल्या कुणालाही तिथे बोलता येतं, मत देता येतं. आमच्याकडे ती शाळेच्या हॉलमध्ये असते. झोपाळ्याचा विषय मी तिथेच पहिल्यांदा काढला, तेव्हा खुर्च्यांवर आम्ही नऊ जण होतो.